थंडी नाही, पण गरम चालेल

कोल्हापूरकराला थंडी वाजत नाही. वाजली तरी ती अंगावर काढायची असते, बोलून दाखवायची नसते. डिसेंबर-जानेवारीत पारा 14-15 अंशांवर येतो, एखाद्या रात्री आणखी खाली घसरतो, पंचगंगेकडून धुकं वर चढतं आणि पहाटे रंकाळ्यावर फिरायला निघालेली मंडळी तोंडानं वाफा सोडत एकमेकांना सांगतात, ‘हवा जरा गार हाय.’ हवा गार असते. आपण गार नसतो. थंडी असते ती काश्मीरला, महाबळेश्वरला आणि पुण्याला. पुण्याला तर ती तिथल्या लोकांना सोसत नाही म्हणून असते.

या बाबतीत आमच्या पेठेत माझी ख्याती आहे, निदान मला तसं वाटतं. ऐन जानेवारीत मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हाताची घडी घालून चौकात उभा राहतो. छाती पुढं, मान ताठ. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात रुबाब दिसावा अशी माझी अपेक्षा असते. खरं म्हणजे घडी घातली की बोटं काखेत जातात आणि तिथं ऊब असते. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, एक सौभाग्यवती सोडली तर. ती दारातूनच हाक मारते, ‘अहो, स्वेटर देऊ का?’ भर चौकात! मी ‘कशाला?’ म्हणून उलटा डाफरतो. आवाज थोडा कापतो, पण तो रागानं कापला असं समजायला जागा असते.

आता ज्याला थंडीच वाजत नाही, त्यानं गरम काही मागायचं कोणत्या तोंडानं? या पेचातून कोल्हापूरनं आपली सुटका फार पूर्वीच करून घेतली आहे. इथं कुठलंही गरम पेय थंडीसाठी पीतच नाहीत. दूध ताकदीसाठी. रस्सा चवीसाठी. चहा समोरच्या माणसाचं मन मोडू नये म्हणून. काढा बायकोनं केलाय, वाया कशाला घालवायचा म्हणून. कपाभोवती दोन्ही तळवे लपेटून कोणी बसलेला दिसला, तर तो कप गरम आहे म्हणून नाही; कपाला कान नसेल, एवढंच.

दुधाचंच घ्या. गंगावेशीतला किंवा मिरजकर तिकटीचा दूध कट्टा कुणाला सांगायला नको. पण तिथं समोर उभी करून पिळतात त्या म्हशीकडं कोणी नीट बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. पंढरपुरी म्हैस ती. शिंगं खांद्याच्याही मागं गेलेली, अंग तुकतुकीत, आणि स्वभाव असा की माझ्यासारख्यानं शिकावा. मला पाहुण्यांच्या घरी गादी बदलली तर झोप येत नाही. ही बाई भर चौकात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, दहा माणसं ग्लास घेऊन ताटकळत असताना निवांत पान्हा सोडते. दिवाळीत तिला सजवून, शिंगं रंगवून मिरवतात आणि ती मोटारसायकलच्या मागं पळूनही दाखवते. आमच्या पेठेत इतक्या अंगांनी कर्तबगार दुसरं कोणी मला माहीत नाही.

गवळी उकिडवा बसतो. सडांवरून पाण्याचा हात फिरवतो, अंगठा आत दुमडतो आणि पहिली धार ग्लासाच्या कडेवर तिरकी मारतो. त्या धारेचा आवाज टणक असतो. ग्लास भरत जातो तसा तो मऊ होत जातो, आणि वर दोन बोटं फेस उभा राहिला की ऐकू येईनासाच होतो. म्हशीचं अंग 38 अंशांच्या आसपास. दूध तेवढंच ऊन. बाहेर 15 अंश आणि हातात 38, म्हणजे हिशेबानं सगळं जमलेलं. कच्चं दूध उकळून प्यावं असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच सांगतात. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हे मला कट्ट्यावरच, एका हातात ग्लास धरून सांगितलं.

गेल्या थंडीत पुण्याहून मेहुणा आला होता. पुण्याचा पाहुणा आला की माझ्यातला कोल्हापूरकर जरा जास्तच जागा होतो. त्याला कट्ट्यावर नेऊन मी राजर्षी शाहू महाराजांपासून सुरुवात केली. 1912 चं खासबाग मैदान, गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम, पैलवानांचा खुराक, जोर किती, बैठका किती, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दाजी, तुम्ही कुठल्या तालमीत होता?’

‘तालीम आमच्या घरासमोरच होती,’ मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नाही.

मेहुण्यानं ग्लास उचलला, रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि गवळ्याला म्हणाला, ‘आणखी एक मिळेल?’ आता मागं हटायचं म्हणजे पेठेची बेअब्रू. मीही हात पुढं केला. वास्तविक एका ग्लासानंतर माझं पोट मला खुणावायला लागतं. दुसरा गेला की मग रात्रभर कुस्ती होते, पण ती खासबागेत होत नाही आणि तिला प्रेक्षकही नसतात. सकाळी मेहुणा टवटवीत होता. मी ‘जरा जागरण झालं’ म्हणालो.

आता पांढऱ्या रश्शाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. थोडं म्हणजे माझ्या मानानं.

पांढरा रस्सा हे पेय आहे. मी हे विचारपूर्वक म्हणतो आहे आणि समोर कोण बसलंय याची पर्वा न करता म्हणतो. बाहेरगावची माणसं त्यात भाकरी बुडवतात, भातावर ओततात. एकानं तर त्यात लिंबू पिळलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाकरी चुरायला तांबडा रस्सा आहे की! त्याचं ते कामच आहे. पांढऱ्याची वाटी दोन्ही हातांनी उचलायची, तोंडाला लावायची आणि खाली ठेवताना ती रिकामी असली पाहिजे. वाढणारा तांब्या नाहीतर बादली घेऊन मागं उभा असतो, तो काही भाकरी चुरणाऱ्यांसाठी नव्हे. कुठल्याही खानावळीत जाऊन बघा: चमचा मागितला की वाढप्या आधी माणसाकडं बघतो आणि मग गल्ल्याकडं. गल्ल्यावरचा मालक डोळ्यांनीच ‘दे, पावणं हायत’ म्हणतो.

आणि त्याचं रूप! हळद नाही, लाल तिखट नाही. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, वेलदोडा. इतका सोज्वळ दिसतो की बाहेरचा माणूस याला लहान मुलांचं खाणं समजून मोठा घोट घेतो. मिरी आणि हिरवी मिरची आपलं काम मागाहून करतात, घशाच्याही खाली गेल्यावर. तांबडा समोरून वार करतो, सांगून करतो. पांढरा गळाभेट घेतो आणि मग कपाळावर घाम दिसतो. थंडीच्या दिवसांत मला तर तांबड्यापेक्षा याचीच ऊब जास्त वेळ पुरते. (मला थंडी वाजत नाही, हे वर आलंच आहे. हे आपलं निरीक्षण म्हणून.)

आमच्या घरी रविवारी रस्सा होतो तेव्हा त्यात माझा वाटा मोठा असतो. नारळाचं दूध पातेल्यात पडलं की खळखळून उकळी येऊ द्यायची नसते, नाहीतर ते फुटतं. चोथा एकीकडं आणि पाणी एकीकडं. आच बारीक, पळी फिरती. अशा वेळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून दर थोड्या वेळानं ‘उकळी येऊ देऊ नकोस हं’ असं सांगत असतो. लग्न झाल्यापासून रस्सा एकदाही फुटलेला नाही. श्रेय कुणाचं, हा प्रश्न घरात कोणी काढत नाही. मीही मोठ्या मनानं काढत नाही.

पण या दोन्ही रश्शांच्या आधी पातेल्यात एक तिसरीच गोष्ट असते, तिचं नाव कोणी घेत नाही. अळणी. मटण नुसतं मीठ, आलं-लसणावर शिजवलं की त्याचं जे पाणी सुटतं ते. तांबडा तिच्यातूनच होतो आणि पांढराही. अळणी द्यायची ती लहान पोरांना, तापातून उठलेल्याला, दात गेलेल्या म्हाताऱ्याला. म्हणजे ज्यांना कोणी ‘पैलवान’ म्हणणार नाही त्यांना. सगळ्या कोल्हापुरात पंक्तीला बसून अळणी मागणारा बाप्या तुम्हाला सापडायचा नाही. मात्र रविवारी अकराच्या सुमाराला घरोघरचे बाप्ये ‘मीठ बघतो’ म्हणून स्वयंपाकघरात शिरतात. मीठ बघायला वाटी लागते. कधीकधी दोन वाट्या लागतात, कारण पहिल्या वाटीत मीठ नीट कळत नाही.

शाकाहारी वाचकांनी हा भाग वगळावा असं सुचवणार होतो, ते राहूनच गेलं. त्यांच्यासाठी चहाकडं वळू.

गुळाच्या चहाबद्दल फार बोलत नाही. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, थंडीत गुऱ्हाळं पेटतात, काहिलीवरून उतरलेली गरम काकवी ज्यानं चाखली त्याला वेगळं सांगायला नको आणि न चाखलेल्याला सांगून उपयोग नाही. एवढंच सांगतो की गूळ आणि दूध एकत्र खळाखळा उकळलं की चहा नासतो, म्हणून गूळ शेवटी, गॅस बंद करून घालायचा. आमची आज्जी गुळाचाच चहा प्यायची, कारण साखर पाव्हण्यांसाठी असायची. आता चौकाचौकात गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत आणि त्यावर गुळाचे फायदे क्रमांक घालून लिहिलेले असतात. पचन, रक्तशुद्धी, हाडं, सांधे. आज्जीला हे कळलं असतं तर तिनं पाव्हण्यांकडून पैसे घेतले असते.

आणि खरं सांगायचं तर माझं डोकं फिरतं ते इथंच. साधं ऊन काहीतरी प्यावं म्हटलं तर हल्ली कोणी पिऊ देत नाही. प्रत्येक घोटाला गुण चिकटवलेला असतो. 2020 मध्ये सरकारनंच तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांचा काढा घ्यायला सांगितला. तेव्हा भीतीच तशी होती, त्याला हसण्याचं कारण नाही. पण ती भीती गेली तरी काढ्याची दुकानं उठली नाहीत. गवती चहाचं पातं टाकलं तर प्रतिकारशक्ती, आलं टाकलं तर चयापचय. हळदीचं दूध तर लंडनच्या कॅफेत जाऊन आलं. 2016 च्या सुमाराला तिकडं त्याला ‘टर्मरिक लाटे’ म्हणत रांगा लावून पीत होते. इथून 50 किलोमीटरच्या आत-बाहेर सांगली. तिथल्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं, बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. आणि आमच्याकडच्याच एका चकचकीत कॅफेत मी तेच दूध दालचिनीची भुकटी भुरभुरून, परदेशी नावानं, ज्या भावानं विकताना पाहिलं त्या भावात हळदीचं अख्खं पोतं नसेल, पण पिशवी भरून घरी आली असती. शेजारच्या टेबलावरचा मुलगा पिण्याआधी त्यातले घटक मोबाइलवर तपासत होता. त्याला ते आवडलं का, हे बहुधा त्यालाही कळलं नसावं. निवलं होतं तोवर.

कपात काय आहे एवढंच विचारायची ही सवय. कप कुणी भरला, कुणी कुणाच्या हातात दिला, हे कोणी विचारत नाही. या गावानं तरी ते विसरू नये. अस्पृश्य मानलेले गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या राजवाड्याच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. तेव्हा महाराज गावात नव्हते. परतल्यावर त्यांना हे समजलं, मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामना पदरचं भांडवल देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितला. गंगारामनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. शिवलेल्या हाताचा चहा प्यायला कोण येणार? कोणी येईना. मग महाराजांची गाडी त्या दारासमोर थांबायला लागली. महाराज गाडीतूनच चहा मागवायचे, आपण घ्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावायचे. छत्रपतींनी कप पुढं केल्यावर ‘मी चहा सोडलाय’ म्हणायची छाती कुणाची होती?

त्या चहात आलं होतं की वेलदोडा, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले होते, म्हणजे चहातलं त्यांना कळत असणारच. पण त्या दारात त्यांची गाडी थांबली ती चवीसाठी नव्हे. आणि महाराज 1922 मध्ये गेले म्हणून वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी लगेच गेली नाही. गावाकडच्या हॉटेलांत ती पुढं किती वर्षं होती, हे माझ्या वडिलांच्या पिढीनं पाहिलं आहे. ज्यांना त्या कपबशीत चहा मिळाला त्यांना चहाचे फायदे पाटीवर लिहून दाखवायची माझी तरी हिंमत नाही.

तर पुन्हा थंडी. म्हणजे हवा गार.

मेहुणा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या नाकानं बंड केलं. चौकात अर्ध्या बाह्यांत उभं राहणं आणि त्याचा काही संबंध नाही, हे मी घरात लगेच जाहीर केलं. ‘धूळ फार उडायला लागलीय,’ असं म्हणून मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. तोवर स्वयंपाकघरातून खरपूस वास यायला लागला होता. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचा. सौभाग्यवतीनं ते गार पाण्यात कालवलं, पलीकडं आधण ठेवलं आणि वरून बारीक धार सोडत पळीनं ढवळत राहिली. कॉटवरून मला तिचा नुसता कोपर दिसत होता, एका लयीत फिरणारा. मग गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ. माडगं दाट झालं की त्यावर बुडबुडे फुटतात तेही आळसावून, फट्ट, फट्ट असे.

तिनं पितळी आणून समोर ठेवली. वर तुपाची धार.

‘मी काय आजारी नाहीये,’ मी म्हणालो.

‘कोण म्हणालं आजारी आहात? हुलग्याचं पीठ उरलं होतं. किडे होतील त्यात.’

हुलगा म्हणजे घोड्याचाही खुराक, आणि एरवी मी त्यावर चार वाक्यं नक्की बोललो असतो. पागा, घोडदळ, शिवकाल असं पोचलो असतो कुठंतरी. पण नाक बंद होतं आणि पितळी गरम होती. मी दोन्ही हातांनी धरली. सांडू नये म्हणून. सगळं संपवून वर पाहिलं तेव्हा ती ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्याला चिकटलेलं खरवडून खात होती. निवलेलंच असणार. लग्नानंतर इतक्या हिवाळ्यांत तिनं काही गरमागरम प्यायलेलं मी पाहिलं आहे का, हे आठवायला लागलो आणि आठवेना. चहासुद्धा ती दुसऱ्यांदा गरम करून पिते. म्हणून उठलो आणि म्हणालो, ‘थोडं पीठ शिल्लक आहे का? तुझ्यापुरतं करतो मी.’

‘तुम्ही?’

‘त्यात काय अवघड आहे? आयुष्यभर बघतोय.’

बघणं आणि करणं यात काय फरक असतो ते त्या पातेल्यानं पाहिलं. तिनं मात्र सगळं संपवलं, गरम असताना, एका जागी बसून. ‘कसं झालंय?’ म्हटलं तर म्हणाली, ‘गरम आहे.’ यापलीकडं ती काही बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

वाचकहो, हुलग्याचं पीठ कोल्हापूरच्या बाहेरही मिळतं, तेव्हा या थंडीत माडगं जरूर करून बघा. पीठ आधी गार पाण्यातच कालवा, मग आधणात सोडा आणि ढवळणारा हात थांबवू नका. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकू नका, हे मी ठामपणे सांगू शकतो. तरीही गुठळ्या झाल्याच, तर गूळ घालायच्या आधी सावध व्हा, वरून लसणाची फोडणी द्या आणि पाहुण्यांना हुलग्याचे शेंगोळे म्हणून वाढा. पाहुणे पुणे शहरातले असतील तर खपून जाईल. जुन्नरकडच्यांना शेंगोळे चांगले ठाऊक असतात; त्यांना मात्र खरं काय ते सांगून टाका.